एंडोमेट्रिऑसिस : वारशाचा भाग किती?

पाळीच्या दिवसांत एखादी मुलगी पोट धरून अंथरुणावर पडली आणि शाळेत जावयास उठेना, तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून तिला एक ठरावीक उत्तर मिळते. "आपल्याकडे सगळ्यांनाच असा त्रास होतो. तुझ्या आजीला होत असे, मलाही होत असे. लग्न होऊन एखादे मूल झाले की आपोआप थांबेल." हे उत्तर पुण्याच्या पेठांत मिळते, तसेच जबलपुराजवळच्या रांझीतही मिळते. रांझीत तर ते अनेक भाषांत मिळते. १९०४ साली जबलपुरास तोफांचे गाडे बनविण्याचा सरकारी कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियास दारूगोळ्याचा कारखाना आला आणि १९६९ साली लष्करी वाहनांचा कारखाना उभा राहिला. या कारखान्यांच्या आधाराने शहराच्या पूर्व अंगाची ही वस्ती वाढली. नोकरीच्या निमित्ताने मराठी, बंगाली, तमिळ, पंजाबी अशी कुटुंबे मूळच्या बुंदेली लोकांच्या शेजारी येऊन राहिली. भाषा निरनिराळ्या असल्या, तरी मुलीला दिलेला दिलासा एकच.

या दिलाशात दोन विधाने एकमेकांत गुंतलेली आहेत. त्रास घराण्यात आहे, हे पहिले. आणि म्हणून तो रोग नव्हे, हे दुसरे. पहिले विधान वैद्याच्या दृष्टीने फार मोलाचे असते. दुसरे मात्र पहिल्यातून मुळीच निघत नाही. वस्तुतः निघावयाचे ते नेमके उलटे. ज्या घरात आईला, मावशीला, बहिणीला असह्य वेदना झाल्या, त्या घरातील मुलीच्या वेदनेकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. प्रत्यक्षात घराण्याची साक्षच तिच्याविरुद्ध वापरली जाते आणि रोगाचे निदान होण्यात वर्षांमागून वर्षे जातात.

पाळीच्या वेळी थोडेबहुत दुखणे अनेकींना होते. ते सगळेच रोगाचे लक्षण नव्हे. पण साध्या गोळीने न थांबणारी, दरमहा कामधंदा बंद पाडणारी, पाळीच्या आधी सुरू होऊन नंतरही रेंगाळणारी वेदना, शौचाच्या वा लघवीच्या वेळी त्याच दिवसांत होणारा त्रास, पतिपत्नीसंबंधाच्या वेळी आत खोलवर होणारे दुखणे, मूल न होणे, यांपैकी काही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे एंडोमेट्रिऑसिस या रोगाचा संशय घ्यावा लागतो. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी पेशींची बेटे या रोगात गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आवरणावर, आतड्यांच्या वा मूत्राशयाच्या पृष्ठभागावर रुजतात. शरीरातील संप्रेरकांना ती अस्तराप्रमाणेच प्रतिसाद देतात. दरमहा त्यांना सूज येते, त्यांतून रक्त झिरपते. आणि या रक्ताला बाहेर जाण्यास वाट नसते. कालांतराने तेथे वण धरतात, अवयव एकमेकांस चिकटतात, अंडाशयात जुन्या रक्ताने भरलेली गाठ होते. तिच्यातील द्रव गडद तपकिरी असतो, म्हणून डॉक्टर तिला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळीच्या वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभर सुमारे १९ कोटी स्त्रिया व मुली या विकाराने ग्रस्त आहेत. एवढा सामान्य असलेला रोग इतका अपरिचित राहावा, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

ही बेटे गर्भाशयाबाहेर जातात कशी? व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की या विकृतिशास्त्रज्ञाने १८६० सालीच अशा ऊतींचे वर्णन केले होते. पण सर्वाधिक मान्यता पावलेला खुलासा अमेरिकेतील जॉन सॅम्प्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९२० नंतरच्या दशकात मांडला. पाळीचे सर्व रक्त खाली उतरत नाही. काही भाग उलट दिशेने बीजनलिकांतून पोटाच्या पोकळीत जातो आणि त्याबरोबर गेलेल्या अस्तराच्या पेशी तेथे रुजतात, असे त्याचे म्हणणे. ते पुष्कळ अंशी खरे ठरले. परंतु पुढे एक अडचण निघाली. पाळीच्या काळात पोटात दुर्बीण घालून पाहिले असता असे रक्त दहापैकी नऊ स्त्रियांच्या पोकळीत सापडते, हे १९८४ साली दिसून आले. बी जवळजवळ सर्वांच्या अंगणात पडते, पण उगवते मात्र दहातल्या एकीच्या अंगणात. तेव्हा खरा प्रश्न बी कसे पडते हा नसून ते काही ठिकाणीच का रुजते हा आहे. आनुवंशिकतेचा विचार येथून सुरू होतो.

रोग घराण्यात आढळतो असे नुसते म्हणून भागत नाही. ते मोजावे लागते. १९८० साली अमेरिकेत जो ली सिम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली मोजणी या बाबतीत पायाभूत मानली जाते. तिची रचना मराठी वाचकास विशेष रुचण्यासारखी आहे, कारण तीत माहेर आणि सासर यांची तुलना होती. रोगाची खात्री पटलेल्या स्त्रियांच्या आया व बहिणी एका बाजूस आणि त्यांच्या पतींच्या आया व बहिणी दुसऱ्या बाजूस घेतल्या. रुग्ण स्त्रियांच्या बहिणींत ५.९ टक्के आणि आयांत ८.१ टक्के रोग आढळला. सासरच्या स्त्रियांत हेच प्रमाण सुमारे १ टक्का होते. ज्यांच्या घराण्यात रोग होता, त्या रुग्णांत तो अधिक तीव्र स्वरूपाचा असण्याकडे कल होता, हेही त्याच पाहणीत लक्षात आले.

सावध माणूस येथे शंका घेईल, आणि ती घ्यावीच. एका बहिणीचे निदान झाले म्हणजे दुसरी आपोआप सावध होते, डॉक्टरकडे लवकर जाते, तिचा रोग अधिक सापडतो. शिवाय बहिणी एकाच घरात वाढतात, एकाच ताटातले खातात, त्यांच्या घराचे पाणी, धूर, कष्ट सारखेच असतात. मग हे साम्य रक्ताचे की चुलीचे? या शंकेचे निरसन जुळ्या बहिणींच्या अभ्यासाने होते. एकबीज जुळ्या बहिणींचा जनुकांचा संच सारखाच असतो. द्विबीज जुळ्या बहिणींत तो इतर बहिणींप्रमाणे सरासरीने निम्मा सारखा असतो. घर मात्र दोन्ही प्रकारच्या जोड्यांना एकच लाभलेले असते. तेव्हा एकबीज जोड्यांत रोगाचे साम्य जास्त आढळले, तर तो जादा भाग वारशाच्या खात्यावर टाकता येतो. ऑस्ट्रेलियात ३,०९६ जुळ्या स्त्रियांच्या माहितीवरून १९९९ साली असा हिशेब करण्यात आला आणि वारशाचा भाग ५१ टक्के निघाला. स्वीडनमधील जुळ्यांच्या २०१५ सालच्या अभ्यासात तो ४७ टक्के आला. दोन दूरदूरचे देश, निराळे संशोधक आणि आकडे इतके जवळचे; त्यामुळे ढोबळमानाने निम्मा भाग वारशाचा, असे मानण्यास हरकत नाही.

मात्र 'निम्मा' या शब्दाचा अर्थ समजून घेतला पाहिजे, कारण येथे शिकलेल्या माणसांचीही गफलत होते. एखाद्या रुग्ण स्त्रीच्या वेदनेपैकी निम्मी वेदना आईवडिलांनी दिली आणि निम्मी तिने स्वतः मिळविली, असा त्याचा अर्थ नाही. तिच्या मुलीला रोग होण्याचा संभव निम्मा आहे, असाही नाही. हा आकडा व्यक्तीचा नसून समूहाचा आहे. ज्वारीच्या शेतात काही कणसे टपोरी व काही किडकिडीत दिसतात. सर्व शेताला सारखी माती, सारखे पाणी आणि सारखे खत मिळाले असेल, तर हा लहानमोठेपणा जवळजवळ सगळा बियाण्याचा. पण शेताचा एक तुकडा काळ्या मातीचा, दुसरा मुरमाड, एकाला पाटाचे पाणी आणि दुसरा कोरडवाहू असेल, तर त्याच बियाण्याचा लहानमोठेपणातील वाटा कमी भरेल. बियाणे तेच, पण वाटा बदलला. जुळ्यांच्या अभ्यासातील टक्केवारी या प्रकारची आहे. त्या देशांतील त्या पिढीच्या स्त्रियांत जो फरक दिसला, त्यातील सुमारे निम्मा फरक वारशाने समजावून देता येतो, एवढेच ती सांगते.

वारसा आहे असे ठरल्यावर तो कोणत्या जनुकांतून येतो याचा शोध क्रमप्राप्तच होता. जबलपूरच्या वाचकाला आनुवंशिक रोग म्हटला की सिकल सेल आठवणे साहजिक आहे. आदिवासींच्या आरोग्याच्या संशोधनासाठी १९८४ साली जबलपुरास जे केंद्र निघाले आणि जे आज राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते, त्याच्या कामाचा एक मोठा भाग या रोगाने व्यापलेला आहे. आणि सिकल सेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली ती मध्य प्रदेशातच, शहडोल येथे. सिकल सेलचे गणित सरळ आहे. एका जनुकातील एका अक्षराचा बदल. तो आई आणि वडील या दोघांकडूनही आला तर रोग, एकाकडूनच आला तर मूल नुसते वाहक. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक. रक्ताची एक साधी तपासणी केली की कोण कोठे उभा आहे ते कळते.

एंडोमेट्रिऑसिसचे गणित असे नाही. येथे एक जनुक गुन्हेगार नसून अनेक जनुकांतील बारीकसारीक फेरफार थोडथोडा हातभार लावतात. यांपैकी बहुतेक फेरफार समाजात सर्रास आढळतात; निरोगी स्त्रियांतही ते असतातच. एकेका फेरफारामुळे धोका वाढतो तो थोडाच, साधारणपणे दहावीस टक्क्यांच्या आसपास. चिमूटचिमूट मिठाने भाजी खारट होते, तसा हा प्रकार; कोणत्या चिमटीने ती खारट झाली, हे विचारण्यात अर्थ नसतो. म्हणून शोधाची पद्धतही निराळी घ्यावी लागली. हजारो रुग्ण आणि त्यांच्या कितीतरी पटींनी निरोगी स्त्रिया घेऊन सर्व गुणसूत्रांवरील लाखो ठिकाणे ताडून पाहावयाची आणि रुग्णांत कोणती अक्षरे अधिक वेळा येतात ते नोंदवावयाचे. २०१० साली जपानी संशोधकांना नवव्या गुणसूत्रावर असे एक ठिकाण सापडले. २०११ साली युरोपीय वंशाच्या स्त्रियांत सातव्या गुणसूत्रावरील एक ठिकाण निघाले आणि त्याचा संबंध तीव्र स्वरूपाच्या रोगाशी अधिक होता. त्यानंतर ही यादी वाढत गेली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६०,६७४ रुग्ण आणि ७,०१,९२६ इतर स्त्रिया यांची तुलना होऊन ४२ ठिकाणे निश्चित करण्यात आली.

ही ठिकाणे ज्या जनुकांपाशी आहेत, त्यांची कामे पाहिली म्हणजे रोगाचे स्वरूप उलगडू लागते. डब्ल्यूएनटी-४ नावाचे जनुक गर्भावस्थेत स्त्रीची जननेंद्रिये घडविण्यात भाग घेते. ईएसआर-१ हे जनुक इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संदेश स्वीकारणारे प्रथिन बनविते. या रोगाची बेटे इस्ट्रोजेनवर पोसतात, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतेच. एफएसएचबी जनुकाशेजारील फेरफार अंडाशयाला चालना देणाऱ्या संप्रेरकाशी संबंधित आहे आणि पाळीच्या चक्राच्या लांबीशीही त्याचा संबंध आढळला आहे. चक्र लहान असले म्हणजे आयुष्यात पाळ्या अधिक, पाळ्या अधिक म्हणजे उलट वाहणारे रक्तही अधिक. पाळी लवकर सुरू होणे आणि चक्र लहान असणे या गोष्टी धोका वाढविणाऱ्या म्हणून वैद्यांच्या अनुभवात होत्या. जनुकांच्या अभ्यासाने त्या अनुभवाला आतून पुष्टी मिळाली.

याहून महत्त्वाची गोष्ट वेदनेच्या संदर्भात निघाली. एखादीच्या पोटात रोगाची बेटे चारदोनच असतात आणि ती वेदनेने तळमळते. दुसरीच्या पोटात अवयव चिकटलेले असतात आणि तिला मूल होत नाही एवढीच तक्रार असते. हे कोडे शल्यचिकित्सकांना फार दिवस पडलेले होते आणि, स्पष्ट बोलावयाचे तर, त्याचा निकाल बहुधा पहिलीवर अन्याय करून लावला जात असे; ती कांगावखोर ठरे. २०२३ सालच्या अभ्यासात असे दिसले की, या रोगाचा आनुवंशिक पाया अर्धशिशी, पाठदुखी आणि शरीरात अनेक ठिकाणी होणाऱ्या जुनाट वेदना यांच्या आनुवंशिक पायाशी काही अंशी जुळतो. वेदनेची जाणीव वाहणाऱ्या व टिकविणाऱ्या यंत्रणेशी संबंधित जनुकेही त्या यादीत आहेत. म्हणजे काही स्त्रियांच्या बाबतीत बेटे रुजण्याच्या प्रवृत्तीबरोबर वेदना तीव्रतेने जाणवण्याची प्रवृत्तीही वारशाने येते. डोके दुखते, पाठ दुखते, पोट दुखते अशा तक्रारी करणारी सून नाटकी ठरविण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावयास हरकत नसावी.

जनुकांच्या शोधात माकडांचेही साहाय्य झाले. मासिक पाळी येणारे प्राणी सृष्टीत फार थोडे आहेत. उत्तर व मध्य भारतातील गावांत छपरांवर धुडगूस घालणारे तांबड्या तोंडाचे माकड त्यांपैकी एक असून त्याच्या माद्यांना हा रोग आपोआप होतो. अमेरिकेतील संशोधनकेंद्रांत पाळलेल्या या माकडांच्या वंशावळी आणि माणसांतील रोगग्रस्त कुटुंबे यांचा एकत्र अभ्यास होऊन २०२१ साली एनपीएसआर-१ या जनुकाकडे बोट दाखविण्यात आले. उंदरांत या जनुकाच्या प्रथिनाचे काम औषधाने अडविले असता दाह व वेदना कमी झाल्या. संप्रेरकांना हात न लावता वेदना शमविण्याचा मार्ग यातून निघू शकतो, म्हणून या शोधाचे महत्त्व.

एक भेद येथे सांगून टाकणे बरे. रोगाच्या बेटांतील पेशींत काही जनुकीय बिघाड सापडतात असे २०१७ साली दिसून आले, आणि त्यांपैकी काही कर्करोगात आढळणारे होते. हे वाचून घाबरण्याचे कारण नाही. ते बिघाड त्या पेशींत जन्मानंतर झालेले असतात. ते आईकडून आलेले नसतात व मुलीकडे जातही नाहीत. वारशाची जनुके शरीरातील प्रत्येक पेशीत असतात, हे बिघाड फक्त बेटांत.

आता या सर्व विद्येचा रांझीतील मुलीला उपयोग किती? प्रामाणिक उत्तर असे की, आज तिच्या धोक्याचे भाकीत करण्यापुरता तो नाही. ती ४२ ठिकाणे एकत्र घेतली, तरी स्त्रियांस्त्रियांतील रोगाच्या फरकापैकी सुमारे ५ टक्केच फरक त्यांनी समजतो. जुळ्यांच्या अभ्यासातील पन्नास टक्के कोठे आणि हे पाच कोठे! उरलेला वारसा याहून बारीक परिणामांच्या असंख्य ठिकाणी विखुरलेला असावा, किंवा क्वचित आढळणाऱ्या फेरफारांत दडलेला असावा. तेव्हा थुंकी किंवा रक्त पाठवून 'तुम्हांला हा रोग होणार की नाही' असे सांगणाऱ्या जनुकीय चाचणीवर कोणी पैसे खर्च करू नयेत. तसे सांगता येण्याजोगे ज्ञान आज उपलब्ध नाही.

दुसरी अडचण भारतीय वाचकाच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. २०२३ सालच्या त्या प्रचंड अभ्यासातील स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशांच्या होत्या. एका लोकसमूहात धोक्याची खूण म्हणून सापडलेले अक्षर दुसऱ्या समूहात त्याच कामाचे असेलच असे नाही. काही समूहांत ते फार सामान्य असते, तर काहींत जवळजवळ नसतेच. त्यात भारत म्हणजे एक समूह नव्हे. रांझीतील कारखान्याच्या वसाहतीत एकाच जिन्याने वर जाणाऱ्या चार कुटुंबांचे पूर्वज अनेक पिढ्या परस्परांशी विवाहसंबंध न करता राहिलेले असू शकतात. जातीतच लग्न करण्याच्या आपल्या रिवाजाचा ठसा जनुकांवर किती खोल उमटला आहे, हे हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००९ साली व पुन्हा २०१७ साली दाखवून दिले. दुसऱ्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूहांपैकी ८१ समूह असे निघाले की, थोड्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण त्यांच्यात फिनलंडच्या लोकांहून वा मध्य युरोपातील ज्यूंहून अधिक ठळक आहे. या गोष्टीचा मुख्य संबंध दोन्ही बाजूंनी जनुक आले तरच होणाऱ्या दुर्मिळ रोगांशी आहे, एंडोमेट्रिऑसिसशी नव्हे. पण परक्या देशांत काढलेली कोष्टके येथे तशीच लावता येणार नाहीत, एवढे त्यावरून निश्चित होते.

ही उणीव भरून काढण्याचे काम मुंबईत सुरू झाले आहे. परळ येथे १९७० साली प्रजननविषयक संशोधनासाठी निघालेली आणि आज राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्था या नावाने चालणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था हे या कामाचे केंद्र होय. संस्थेतील डॉ. राहुल गजभिये यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांतील या रोगाची लक्षणे आणि जनुके यांचा अभ्यास हाती घेण्यात आला असून त्याची आखणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. देशाच्या निरनिराळ्या भागांतील रुग्णालयांतून रोग असलेल्या आणि नसलेल्या स्त्रिया निवडावयाच्या, त्यांची लक्षणे व पूर्वेतिहास जगभर वापरात असलेल्या एकाच नमुन्यावर लिहून घ्यावयाचा, रक्ताचे नमुने ठेवावयाचे आणि मग परदेशी निष्कर्ष आपल्याकडे कितपत लागू पडतात ते पाहावयाचे, अशी ही योजना आहे. नमुना एकच असण्याला फार महत्त्व आहे. एका डॉक्टरने 'पोटदुखी' लिहिले, दुसऱ्याने 'अशक्तपणा' आणि तिसऱ्याने काहीच नाही, तर लाखभर नोंदी जमवूनही हाती धूळच येते. सरकारी कागदपत्रांशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

आनुवंशिकतेची चर्चा आपल्या समाजात नुसती शास्त्राची राहत नाही. ती चटकन लग्नाच्या बैठकीत जाऊन बसते. 'घराण्यात रोग आहे' एवढे कानी पडले की मुलीचे स्थळ मागे पडते, म्हणून आई निदानच होऊ देत नाही, किंवा झालेले लपविते. या भीतीला शास्त्राचा आधार काय आहे ते पाहावे. ज्या स्त्रीची आई वा सख्खी बहीण रुग्ण आहे, तिला धोका इतरांहून अनेक पटींनी जास्त असतो हे खरे. तरी अशा बहुसंख्य स्त्रियांना रोग होत नाही. ज्यांना होतो, त्यांपैकी अनेकींना मूल होते. शिवाय धोक्याची ही जनुके पुरुषही वाहतात. वडिलांना पाळी येत नाही, त्यामुळे त्यांच्यात काही दिसत नाही. पण त्यांच्या आईची प्रवृत्ती त्यांच्यामार्फत मुलीपर्यंत पोहोचू शकते. दवाखान्यात मावशीची चौकशी होते, आत्याची सहसा होत नाही. हिशेबाने आत्याचे नाते मावशीइतकेच जवळचे आहे. सून माहेरून रोग घेऊन आली, असे म्हणणाऱ्या सासूच्या नातीत तो आला, तर त्यात तिचा स्वतःचाही वाटा असू शकतो.

लग्न व बाळंतपण हा इलाज आहे, ही समजूतही अशीच तपासून घ्यावी लागेल. गरोदरपणात पाळी थांबते, म्हणून काही जणींचा त्रास त्या काळापुरता कमी होतो. रोग त्याने बरा होत नाही. आणि ज्या रोगात मूल होण्यासच अडचण येऊ शकते, त्यावर मूल हेच औषध म्हणून सांगणे हे विहीर आटलेल्या माणसाला पाणी पिण्याचा सल्ला देण्यासारखे आहे. दुसऱ्या टोकाला गर्भाशयच काढून टाकण्याचा उतावीळपणा दिसतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीच्या कामावर जाणाऱ्या स्त्रियांत अशा शस्त्रक्रिया इतक्या झाल्या की, २०१९ साली राज्य सरकारला त्याची चौकशी करावी लागली. तेथील कारणे मुख्यतः मजुरीची आणि दारिद्र्याची होती. पण पाळीची कटकट एकदाची काढून टाकावी, हा विचार सुस्थितीतील घरांतही ऐकू येतो. एंडोमेट्रिऑसिसची बेटे गर्भाशयाच्या बाहेर असतात. ती तशीच राहिली तर गर्भाशय काढूनही दुखणे राहू शकते.

उपाय आहेत. वेदनाशामक गोळ्या, बेटांची वाढ रोखणारी संप्रेरकांची औषधे, आणि आवश्यक तेथे दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया, असा त्यांचा क्रम असतो. रोग मुळासकट नाहीसा करणारे औषध नाही. पण वेळेवर उपचार मिळाले तर शिक्षण, नोकरी, संसार या गोष्टी अडत नाहीत. पूर्वी पोटात दुर्बीण घातल्याखेरीज निदान पक्के मानीत नसत. २०२२ साली युरोपातील तज्ज्ञांनी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हा आग्रह सोडून दिला आहे; लक्षणे, सोनोग्राफी वा एमआरआय यांवरून उपचार सुरू करण्यास त्यांनी संमती दिली. मात्र सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणजे रोग नाही, असेही समजू नये. लहान बेटे तीत दिसत नाहीत.

अशा वेळी घराण्याचा इतिहास कामास येतो. एका सोनोग्राफीत दिसू शकत नाही ते कधीकधी तीन पिढ्यांच्या आठवणीत दिसते. अडचण एवढीच की, जुन्या पिढीत या रोगाचे नाव कोणी घेतले नव्हते. "तुमच्या आईला एंडोमेट्रिऑसिस होता काय?" असा प्रश्न विचारला तर उत्तर नकारार्थीच येणार. प्रश्न निराळे करावे लागतात. आई वा आत्या महिन्यातील चार दिवस अंथरुणात काढीत असे काय? मावशीला बऱ्याच वर्षांनी मूल झाले, की झालेच नाही? आजीच्या पोटातून गाठ काढली होती, ती कशाची होती? तिच्यातून 'काळे रक्त' निघाले असे डॉक्टरांनी सांगितल्याचे कोणास आठवते काय? ज्या घरात अशा दोनतीन गोष्टींना होकार मिळतो, त्या घरातील चौदापंधरा वर्षांच्या मुलीचे दुखणे गोळीने थांबत नसेल, तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यावे. आणि जाताना या आठवणी एका कागदावर लिहून न्याव्यात, आईकडच्या एका बाजूस व वडिलांकडच्या दुसऱ्या बाजूस.